कळ कमी असंन असा

एका माणसाने मला निरोप दिला होता आणि मी तो जाणूनबुजून चुकीचा समजून घेतला. ऐकण्यात चूक झाली नव्हती, विसरही पडला नव्हता. निरोपाचे दोन अर्थ निघत होते. खरा कोणता हे मला त्याच क्षणी समजलं होतं, आणि मी दुसरा उचलला, कारण तो मला सोयीचा होता. वर पुढे कित्येक महिने ती गोष्ट मी गंमत म्हणून लोकांना सांगत फिरलो. निरोप देणारा माणूस माझा पांढुर्ण्याचा घरमालक. मी त्यांना काका म्हणायचो.

मी सौंसरचा. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून म्हणून पांढुर्ण्याला लागलो तेव्हा खोली शोधत होतो. ज्या घरी जाई तिथे आधी पूर्ण नाव विचारत, मग सौंसरात कोणता मोहल्ला ते विचारत, आणि मग खोली नेमकी कालच कोणाला तरी देऊन झालेली असे. काकांनी नाव विचारलं नाही. खोलीच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "कडी लावून दाखव."

मी गोंधळलो. कडी लावली, काढली.

"पुन्हा."

पुन्हा लावली. त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "राह्य मंग. कडी आदळणारा माणूस घरात नको मले."

ते रेल्वेत तारबाबू होते. स्टेशनच्या तारघरात खटक्यावर बोट ठेवून त्यांनी सगळी नोकरी काढली होती. कड कट्ट, कड कट्ट, इकडे आमल्यापर्यंत आणि तिकडे नागपूरपर्यंत. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याजवळ दोन गोष्टी उरल्या होत्या. एक, आपला एकही निरोप आयुष्यात चुकीचा पोचला नाही हा अभिमान. दुसरी, उजव्या हाताची कळ. मनगटापासून अंगठ्यापर्यंत ती अशी निघायची की त्यांना पेन धरता येत नसे. जेवताना घास डाव्या हाताने घेत आणि पाहुणा बसला असेल तर, "बाप्पा, उष्टा हात नाही हा, रिटायर हात हाय तो," असं सांगून उजवा हात मांडीवर ठेवत.

त्या हातामुळे ते वस्तूंच्या बाबतीत फार चिकित्सक झाले होते, का मुळातच तसे होते, ते मला सांगता येणार नाही. काकू म्हणायच्या, लग्नाच्या वेळीही त्यांनी आधी मांडवातली खुर्ची बदलून घेतली होती. घरातलं एकही बटन, एकही नळ, एकही कडी जशी दुकानातून आली तशी राहिलेली नव्हती. विजेच्या बटनांचे स्प्रिंग त्यांनी सैल केले होते, इतके की मांजर भिंतीला घासून गेलं तरी दिवा लागे. खुर्च्यांचे पाय करवतीने कापून ठेवले होते. पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत हा त्यांचा सिद्धांत. पण कापण्याआधी माप त्यांनी स्वतःच्या पायाचं घेतलं होतं, आणि ते बुटके होते. त्यामुळे त्यांच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा गुडघे छातीशी घेऊन चहा पीत असे. ते चुकले आहेत असं कोणी म्हटलं तर म्हणत, "हाताले इचार. पायाले इचार. तोंडाले काय इचारता?"

त्यांच्या बोलण्यात आणखी एक वेगळेपणा होता. आमच्या भागात बोलताना ळ राहत नाही, त्याचा य होतो. काळा माणूस काया होतो आणि डोळे डोये होतात. काकांची बोली पक्की पांढुर्ण्याची, पण ळ मात्र चोख. तारबाबूने एक अक्षर खाल्लं तर निरोप मरतो, असं ते म्हणायचे. निरोप कोणाकडे दिला की समोरच्याकडून तो परत म्हणवून घेत. दूधवाल्याला "उद्या दूध दुप्पट" सांगितलं तर दूधवाल्याने "उद्या दूध दुप्पट" म्हटल्याशिवाय त्याची सायकल हलू देत नसत. मग "बरोबर" म्हणत आणि मांडीवर बोटाने दोनदा टकटक करत. ती टकटक म्हणजे पोच.

आमल्याला त्यांचा एक मित्र होता. तोही तारबाबू, तोही निवृत्त. सगळी नोकरी हे दोघं एकमेकांशी खटक्यावर बोलले होते. ड्यूटी शांत असली की भाजीपासून लेकीच्या लग्नापर्यंत सगळं. एकदाही भेटले नव्हते. मी विचारलं, इतकं जवळ असून भेटायला का गेला नाहीत. ते म्हणाले, "त्याचा हात मी वळखतो. चेहरा पाहून काय करू?" निवृत्तीनंतर पोस्टकार्डं सुरू झाली. मग काकांच्या हाताने पेन सोडलं आणि त्यांच्या बाजूची पोस्टकार्डं थांबली. काकू म्हणाल्या, मी लिहिते. मी म्हटलं, मी लिहितो. ते ऐकेनात. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं म्हणजे दुसऱ्यानेच बोललेलं, असं त्यांचं म्हणणं. टाईपरायटर आणून पाहिला. त्याची एकेक कळ दाबायला हातोडीएवढा जोर लागे. चार ओळींत हात सुजला.

हे सगळं चाललं असताना मी एक दिवस फुशारकी मारली. नोकरी लागण्याआधी नागपूरला मी संगणकाचा एक लहानसा अभ्यासक्रम केला होता. पांढुर्ण्यात तेव्हा संगणक हा शब्द वर्तमानपत्रात वाचायचा. मी म्हटलं, काका, संगणकाची बटनं नुसती बोट ठेवलं तरी दबतात. ते म्हणाले, "बटन शर्टाले असते. त्याले कळ म्हणायचं." पण पुढच्याच रविवारी मला घेऊन नागपूरला आले. मी शिकलो त्या वर्गात त्यांना नेलं. त्यांनी एका कळफलकावर उजवा हात ठेवला आणि एकेक कळ हळूच दाबून पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "याले वजनच नाही, बाबू."

फंडाचा काही पैसा त्यांनी बाजूला ठेवला होता. त्यातून घरी संगणक घ्यायचा असं त्यांनी ठरवलं. काकूंनी विचारलं, हे काय करते? मी सांगू लागलो की हिशेब करते, यादी ठेवते. काका मध्येच म्हणाले, "आमल्याले पत्र लिहिते." काकू म्हणाल्या, "मंग येऊ द्या. दिवसभर भिंतीवर कड कट्ट करून राहिले, त्यापेक्षा बरं."

सीताबर्डीच्या दुकानात त्या दिवशी जे झालं ते मी कधी विसरणार नाही. दुकानदार मोठ्या उमेदीने पडद्यावर आकृत्या नाचवून दाखवत होता. काकांनी पडद्याकडे पाठ केली. बसायला आपल्या मापाचं काही नाही म्हणून ते खोक्यावर बसले, कळफलक मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि बोटं चालवू लागले. दुकानदार म्हणाला, "काकाजी, मेमरी तो देखिए."

"मेमरी माझी चांगली हाय," काका म्हणाले. "हाताचं बोला."

त्यांनी पाच-सहा कळफलक नाकारले. एकाची कळ खाली गेली की वर यायला आळस करते, दुसऱ्याची वाजते फार, तिसऱ्याच्या कळा रबरी, "मेलेल्या मासोळीवर बोट ठेवल्यावानी." शेवटी त्यांनी डबा, पडदा आणि लहान छपाई-यंत्र घेतलं आणि कळफलक घेतलाच नाही. नवा माल आला की बघू, म्हणाले. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर घेऊन मी परत आलो. खरं सांगतो, मला त्या दिवशी काकांची लाज वाटली होती.

घरी त्यांनी मांडणी केली. पडदा जमिनीलगत पाटावर ठेवला. तांदूळ निवडताना बायकांचे डोळे दुखत नाहीत, कारण त्या खाली बघतात, हा त्यामागचा विचार. त्यामुळे तो पाहायला येणारा माणूस पडद्याला नमस्कार करतो आहे असं वाटे. डब्यातल्या पंख्याचा आवाज नको म्हणून डबा भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात गेला आणि भिंतीला भोक पाडून तारा इकडे आल्या. कळफलकासाठी काकूंच्या शिलाई मशीनचं टेबल राखून ठेवलं, कारण घरात हाताला न्याय देणारी तेवढी एकच उंची होती. पायाखाली संत्र्याची पेटी. सगळं जागच्या जागी, फक्त कळफलकाची जागा रिकामी. काका रोज सकाळी यंत्र सुरू करत. कळफलक सापडत नाही अशी तक्रार पडद्यावर उमटे, काका ती वाचून समाधानाने म्हणत, "मागून राहिला," आणि ते तसंच चालू ठेवत. बंद करा म्हटलं तर काकूच अडवत. डबा वरून छान ऊबदार होई आणि त्यावर विरजण लवकर लागतं असा शोध त्यांना लागला होता. संगणकाचा आमच्या घरातला पहिला उपयोग दह्यासाठी झाला.

मग दुकानदाराचं कार्ड आलं की नवा माल आला आहे. नेमके त्याच आठवड्यात काका तापाने झोपले होते. ताप उतरला, पण प्रवासाची ताकद नव्हती. मला सुट्टी होती. ते मला सोडायला हळूहळू स्टेशनवर आले. गाडी लागली, मी खिडकीत बसलो. त्यांनी खिडकीच्या दांड्यावर डावा हात ठेवला, कारण उजवा शालीत गुंडाळलेला होता. आदल्या संध्याकाळी काकू तो हात मिठाच्या कोमट पाण्यात धरून बसल्या होत्या, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

ते म्हणाले, "कळ कमी असंन असा आणजो."

त्यांचा नियम मला माहीत होता. मी परत म्हणून दाखवलं, "कळ कमी असंन असा."

"बरोबर," म्हणाले, आणि दांड्यावर दोनदा टकटक केली. गाडी सुटली.

दुकानात दोन प्रकार होते. एक मोठा, उजव्या बाजूला आकड्यांच्या कळांचा वेगळा गट असलेला. त्याचा नमुना तिथे होता. मी बोट ठेवलं. कळ खाली गेली ती लोण्यात गेल्यासारखी, आणि वर आली ती बोटाला न टोचता. पण नमुना विकायचा नव्हता. नवीन खोकं इतवारीच्या गोदामातून आणावं लागणार होतं, गोदामाचा माणूस जेवायला गेला होता, दुपार तिथेच बसून काढावी लागली असती. दुसरा प्रकार लहान, चपटा, तो आकड्यांचा गटच नसलेला, खोक्यात तयार. त्यावरही मी बोट ठेवलं. कळ हट्टी होती. माझ्या तरण्या हातालाही ते जाणवलं.

आणि मला सिनेमाला जायचं होतं. वर्गातला एक जुना मित्र टॉकीजपाशी तिकिटं घेऊन उभा राहणार होता. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

दुकानदाराने विचारलं, कोणता देऊ. मी म्हटलं, "छोटा दे दीजिए. कम चाबीवाला ही बोला है."

हे वाक्य तोंडातून निघताना मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं. काकांनी स्वतःच मला शिकवलं होतं ना, बटनाला कळ म्हणायचं. कळ कमी, म्हणजे कमी कळांचा. निरोप शब्दाला शब्द पाळला होता. मिठाच्या पाण्यातला तो हात मनात आला, नाही असं नाही. मी तो बाजूला सारला. सिनेमा काय होता ते आज आठवत नाही.

संध्याकाळी काकांनी खोकं उघडलं. लहान कळफलक शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवला, डोळे मिटले, बोटं ठेवली. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हटलं, "तुमीच म्हणले होते ना काका, कळ कमी असंन असा. मोठ्याले लय कळा होत्या."

त्यांनी एक कळ पुन्हा दाबून पाहिली. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर मी कदाचित तिथेच खरं बोललो असतो. पण ते हळूच हसले, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "हात्तिच्या. कळ म्हणजे कळ. मी म्हणलं दुखणं, तू घेतलं बटन."

मी म्हटलं, बदलून आणतो. ते नको म्हणाले. बदलायचं का नाही याचंही त्यांच्याजवळ रेल्वेचं कलम होतं. "माल बरोबर आला. निरोप चुकीचा गेला. तू तर परत म्हणून दाखवलं होतं, शब्दाले शब्द. मंग चूक कोणाची? पाठवणाऱ्याची. ज्या शब्दाचे दोन अर्थ होतात तो तारेत घालायचा नसतो, हे मी नव्या पोरांना शिकवत होतो." आणि त्या अपराधाची शिक्षा म्हणून तो हट्टी कळफलक वापरायचं त्यांनी ठरवलं.

पुढचे महिने आठवले की दोन गोष्टी एकदम आठवतात, एक हसू आणणारी आणि एक नाही.

हसू आणणारी ही की काका प्रत्येक शब्दाला राखण बसवू लागले. "माझी पाठ दुखून राहिली. पाठ म्हणजे ही मागची, पुस्तकातला नाही." "वर जा. वर म्हणजे माडीवर, नवरदेव नाही." शेजारच्या लग्नाला हार आणायला मला पाठवलं तेव्हा म्हणाले, "हार फुलांचा. निवडणुकीतली नाही." काकू पदर तोंडाला लावून हसत. दूधवाला तर मुद्दाम विचारी, "काका, दूध म्हणजे म्हशीचंच ना?" मी कार्यालयात 'कळ कमी' ची गोष्ट सांगितली आणि सगळे टेबलं बडवत हसले. पानठेल्यावर पुन्हा सांगितली. चार लोक हसले की गोष्ट आणखी रंगते. माझ्या गोष्टीत काका आणखी विक्षिप्त झाले आणि मी आणखी भोळा. कोणीतरी त्यांना 'कमी कळीचे काका' म्हणायला लागलं. ते त्यांच्याही कानावर गेलं. तेही हसले. म्हणाले, "नाव बरोबर हाय."

दुसरी गोष्ट आमल्याच्या पत्रांची. काका इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत, तारेसारखी, विराम आला की तिथे सरळ 'स्टॉप'. पहिलं पत्र भरलं पान होतं. दुसरं अर्धं. मग पत्रं तीन ओळींची झाली, मग एका ओळीची. तब्येत बरी स्टॉप पाऊस नाही स्टॉप. पेन्सिलीच्या रबरी टोकाने कळ दाबून पाहिली, अंगठ्याला चिंधी गुंडाळून पाहिली. कळ काही ऐकेना, दोन्ही अर्थांनी. आणि आमल्याहून विचारणा आली की माझं काय चुकलं, रागावलास का. तारबाबूंमध्ये तुटक बोलणं म्हणजे राग, हे काकांनीच मला सांगितलं होतं. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, दोन शब्द उमटवले आणि हात मांडीवर ठेवला. मी तिथेच बसलो होतो. मी काही बोललो नाही.

सगळ्यांत जास्त लागलं ते एका शनिवारी. मी सौंसरला घरी निघालो होतो. काकू जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणार होत्या, काकांच्या हातासाठी त्यांनी काही बोलून ठेवलं होतं. म्हणून आम्ही एकाच बसने जाणार होतो. माझी आई अधूनमधून पांढुर्ण्याला येई आणि दारातूनच जयभीम म्हणे. काकाही हात जोडून जयभीम म्हणत आणि तिला ती बुटकी खुर्ची देत, तिला ती बरोबर बसे. सबंध गावात त्या खुर्च्यांची तारीफ करणारी ती एकटीच. तर काका मला म्हणाले, "आईले सांगजो..." आणि थांबले. मग म्हणाले, "राहू दे. माह्या तोंडून आता निरोप नीट जात नाही."

बसमध्ये मी खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे बघत होतो. काकू शेजारी होत्या. त्या सहज बोलाव्यात तशा बोलल्या. म्हणाल्या, "हाताचं मले काही वाटत नाही, बाबू. हात तर दुखतच होता. पण हे आधी कोणी आलं की म्हणायचे, माझा एक निरोप चुकला नाही. आता म्हणतात, एक चुकला. रोज म्हणतात."

त्या जामसांवलीच्या फाट्यावर उतरल्या. मी सौंसरला उतरलो. बसस्टँडवर नागपूरची गाडी उभी होती. घरी न जाता मी तिच्यात बसलो. त्या दिवशी दुकानात मी गोदामाच्या माणसाची वाट पाहत बसलो. तो जेवून आला, झोपून आला, कसा आला कोण जाणे. मोठा कळफलक मांडीवर घेऊन मी रेल्वेने पांढुर्ण्याला परतलो.

नंतर काय झालं ते इथेच सांगून टाकतो. तो मोठा कळफलक मी तिथे राहिलो तोवर, आणि माझी बदली झाल्यावरही, त्या शिलाई मशीनच्या टेबलावर होता. त्यावर लिहिलेलं पहिलं पत्र छपाई-यंत्रातून निघालं ते जमिनीवर लोळत दारापर्यंत गेलं. काकूंनी ते साडीसारखं घडी घालून दिलं. आमल्याहून उत्तर आलं त्यात सुरुवातीला एवढंच होतं की हात परत आला. लहान कळफलक काकूंनी मागून घेतला आणि त्यावर पोळपाट ठेवू लागल्या, म्हणजे तो सरकत नसे. शब्दांवरची राखण उठली. काका पुन्हा नुसतं "दही आण" म्हणू लागले. मी कार्यालयात आणि पानठेल्यावर जाऊन गोष्टीचा खरा शेवट सांगितला. त्यावर कोणी हसलं नाही, पण सांगितला. पाहुणा आला की काका पुन्हा पहिल्यासारखं 'माझा एक निरोप चुकला नाही' म्हणू लागले, आणि म्हणताना माझ्याकडे बघत नसत, ही त्यांची मेहरबानी.

पण त्या शनिवारी मी खोकं घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं. काकू अजून जामसांवलीहून परतायच्या होत्या. काका संत्र्याच्या पेटीवर पाय टेकून बसले होते, हातात रबराची पेन्सिल, खाली पाटावर पडदा. मला पाहून म्हणाले, "तू तर सौंसरले गेला होता."

मी खोकं टेबलावर ठेवलं. त्यांनी त्याला हात लावला नाही. म्हणाले, मी बदलायचं नाही म्हणलं होतं, चूक पाठवणाऱ्याची असते. मी म्हटलं, काका, म्हणूनच आणला. आणि मग ते सगळं बोललो. पाठ करून आणलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. मिठाचं पाणी, गोदाम, सिनेमा, पानठेला, सगळं उलटसुलट बाहेर पडलं.

ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, उजवा हात उघडून टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तारघरात बसल्यासारखे ताठ झाले.

"नीट आलं नाही," म्हणाले. "घोळ लय हाय त्यात. पुन्हा सांग. थोडक्यात."

मी त्यांच्या पायाशी पेटीजवळ बसलो. आणि एकेक शब्द सुटा करून, दुसरा अर्थ निघणार नाही असा, बोललो. माझ्या शब्दामागून त्यांचं बोट टेबलाच्या लाकडावर हळूहळू वाजत होतं, एकही अक्षर न गाळता.

"काका, तुमचा निरोप बरोबर पोचला होता. कळ म्हणजे दुखणं, हे मले तेव्हाच कळलं होतं. चूक घेणाऱ्याची. मले माफ करा."

बोट थांबलं. मग दोनदा टकटक झाली.